यांत्रिक घड्याळाची चाल कशी तपासावी आणि वॉरंटीतील दुरुस्ती कशी करून घ्यावी

लाख-दीड लाख रुपये मोजून घेतलेले स्विस ऑटोमॅटिक घड्याळ आठवडाभरात मोबाइलच्या वेळेपेक्षा पाऊण मिनिट पुढे गेलेले दिसले की नवा मालक बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर तो तडक शोरूम गाठतो आणि घड्याळ दुरुस्तीला टाकून येतो, नाहीतर ‘चावीची घड्याळे अशीच असतात’ अशी मनाची समजूत घालून वॉरंटीची मुदत सरून जाऊ देतो. दोन्ही निर्णय घाईचे आहेत, कारण घड्याळ किती पुढे जाते यापेक्षा ते रोज सारखेच पुढे जाते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो आणि त्याचे उत्तर दोन आठवड्यांची नोंद ठेवल्याशिवाय मिळत नाही. ती नोंद कशी ठेवावी, तिच्यावरून काय ओळखावे आणि गरज पडल्यास ती हाती घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये काय मागावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: कंपनीने नेमके काय कबूल केले आहे ते वाचा

दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. आजच्या बहुतेक स्विस ऑटोमॅटिक घड्याळांतील बॅलन्स व्हील (चाल ठरवणारे चक्र) तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला आठ आणि दिवसाला जवळपास सात लाख. हे चक्र केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या आधारे मागे-पुढे हेलकावते; तापमान, गुरुत्वाकर्षण, हाताचे झटके, तेलाची स्थिती आणि मेनस्प्रिंगमध्ये (चावीने भरणाऱ्या मुख्य स्प्रिंगमध्ये) उरलेला ताण या सगळ्यांचा त्याच्यावर परिणाम होतो. दिवसाला सहा सेकंदांची चूक टक्केवारीत मांडली तर ती एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाच्या तुलनेत ती मोठी वाटेल, पण यंत्राच्या स्वभावाकडे पाहता ती चूक नव्हे.

‘क्रोनोमीटर’ हे बिरुद असलेल्या स्विस घड्याळांची चाचणी १९७३ मध्ये स्थापन झालेली ‘सीओएससी’ ही संस्था आयएसओ ३१५९ या मानकानुसार करते. पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत यंत्र तपासले जाते आणि नेहमीच्या आकाराच्या यंत्रांसाठी दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावी लागते. यात नवख्याच्या नजरेतून सुटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, ही मर्यादा सरासरीची आहे. त्यामुळे एखाद्या दिवशी किंवा एखाद्या स्थितीत घड्याळ आठ सेकंद पुढे गेले म्हणून ते नापास ठरत नाही. दुसरी, सीओएससीची ही चाचणी केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या कवचात) न बसवलेल्या यंत्राची असते, आपल्या मनगटावरील पूर्ण घड्याळाची नव्हे.

काही कंपन्या याच्या पुढे गेल्या आहेत. रोलेक्स केसमध्ये बसवलेल्या घड्याळासाठी दिवसाला उणे २ ते अधिक २ सेकंदांची मर्यादा सांगते. ओमेगाची ‘मास्टर क्रोनोमीटर’ घड्याळे २०१५ पासून ‘मेटास’ या स्विस सरकारी मापनसंस्थेच्या निकषांवर पूर्ण घड्याळ म्हणून तपासली जातात. तेथे मर्यादा ० ते अधिक ५ सेकंद आहे, म्हणजे सरासरीने घड्याळ मागे पडता कामा नये, आणि १५,००० गॉसचे चुंबकीय क्षेत्रही त्याने सोसले पाहिजे. ग्रँड सेको आपल्या यांत्रिक घड्याळांची चाचणी सतरा दिवस, सहा स्थितींत करते आणि सरासरी उणे ३ ते अधिक ५ सेकंदांत ठेवते. याउलट त्याच घराण्यातील साध्या सेकोच्या ४आर३६ या यंत्राची जाहीर मर्यादा दिवसाला अधिक ४५ ते उणे ३५ सेकंद इतकी सैल आहे. त्यामुळे ‘माझे घड्याळ दिवसाला बारा सेकंद पुढे जाते’ हे वाक्य एका घड्याळाबाबत रास्त तक्रार असते, तर दुसऱ्याबाबत समाधानाची गोष्ट. आपल्या घड्याळासोबत आलेल्या पुस्तिकेत चालीची मर्यादा छापलेली असेल तर ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी. मर्यादा कोठेच दिलेली नसेल, तर केवळ सेकंदांच्या आकड्यावर वॉरंटीचा दावा टिकणे कठीण आहे, हेही आधीच लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची नोंद

नवीन घड्याळाला आधी दोन-तीन आठवडे नियमित वापरू द्यावे, कारण सुरुवातीच्या काळात चाल थोडी सरकते, असा घड्याळ वापरणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यानंतर एखाद्या दिवशी घड्याळाला पूर्ण चावी द्यावी. बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांना क्राउनने (घड्याळाच्या कडेच्या चावीच्या बोंडाने) तीस-चाळीस फेरे दिले की पुरते. त्यांत आतली स्प्रिंग पूर्ण भरल्यावर घसरत राहते, त्यामुळे जास्त चावी बसण्याचा धोका नसतो. मात्र निव्वळ हाताने चावी देण्याच्या घड्याळात क्राउन अडताच थांबावे. चावी देताना घड्याळ मनगटावरून काढून हातात धरावे, कारण मनगटावर असताना क्राउन तिरपा ओढला जातो.

वेळ लावताना सेकंद काटा बरोबर बारावर आला की क्राउन ओढून त्याला थांबवावे, मिनिट काटा मिनिटाच्या रेघेवर नेमका बसवावा आणि संदर्भ घड्याळाच्या मिनिटाला क्राउन आत ढकलावा. भारताची प्रमाणवेळ दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने राखते. इंटरनेटवरून वेळ घेणाऱ्या मोबाइलवर सेकंद दाखवणारे घड्याळ उघडले तरी आपल्या कामाला पुरेसे आहे. काही यंत्रांत क्राउन ओढल्यावर सेकंद काटा थांबत नाही. तेथे वेळ नेमकी जुळवण्याच्या खटाटोपात न पडता सुरुवातीचा फरक तेवढा लिहून ठेवावा, कारण आपल्याला रोजचा बदल मोजायचा आहे, एका क्षणाचा अचूकपणा नव्हे.

यानंतर दोन आठवडे वेळेला हात लावायचा नाही. रोज एकाच सुमारास, समजा रात्री दहा वाजता, घड्याळ आणि सेकंद दाखवणारा मोबाइल शेजारी ठेवून दुसऱ्या मोबाइलने सरळ वरून दोन्हींचे एकत्र छायाचित्र घ्यावे. तिरपे पाहिले तर काटा आणि रेघ यांमधल्या अंतरामुळे एक-दोन सेकंदांचा भास सहज होतो. छायाचित्रात तो टळतो आणि पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवायला पुरावाही तयार राहतो. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, एकूण फरक, कालपासूनचा फरक, आणि रात्री घड्याळ कसे ठेवले होते. शेवटचा रकाना गाळू नये. तबकडी वर करून ठेवलेले घड्याळ आणि क्राउन वर करून उभे ठेवलेले घड्याळ रात्रभरात वेगवेगळे चालते. कित्येकदा हा फरक तीन-चार सेकंदांचा असतो. पहिल्या आठवड्यात रोज एकाच स्थितीत ठेवावे आणि दुसऱ्या आठवड्यात दर दोन रात्रींनी स्थिती बदलावी.

आणखी एका गोष्टीची नोंद हवी: दिवसभरात हात किती हलला. संगणकासमोर आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाच्या मनगटावर रोटर (हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग भरणारे वजन) पुरेसा फिरत नाही, स्प्रिंग अर्धवट भरलेली राहते, चक्राचा हेलकावा लहान होतो आणि चाल बिघडते. सकाळी घड्याळ बंद पडलेले सापडल्याच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ इतके साधे असते. नोंदीच्या काळात रोज सकाळी दहा-पंधरा फेरे चावी दिली की ही शंका मिटते.

तिसरी पायरी: आकडे काय सांगतात

समजा पहिल्या घड्याळाची रोजची वाढ ६, ७, ६, ७, ७, ६ सेकंद अशी आहे. आठवड्याला पाऊण मिनिट पुढे जाणारे हे घड्याळ उत्तम प्रकृतीचे आहे. त्याची चाल फक्त किंचित जलद लावली गेली आहे. दुसऱ्या घड्याळाची नोंद अधिक ३, उणे ९, अधिक १४, शून्य, उणे ६ अशी आहे. त्याची सरासरी जवळजवळ शून्य येते आणि आठवड्याच्या शेवटी ते मोबाइलशी जुळलेलेही दिसेल. तरीही खरा बिघाड असलेले घड्याळ हेच आहे. पहिल्याला रेग्युलेशन, म्हणजे चालीचे बारीक जुळवणे, पुरेल. दुसऱ्यात तेल सुकलेले, धूळ शिरलेली, एखादे चाक अडखळत असलेले किंवा हेअरस्प्रिंगला धक्का बसलेला असण्याची शक्यता असते आणि ते उघडून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिल्या प्रकारातील घड्याळ मर्यादेच्या सेकंदभर इकडे-तिकडे असेल, तर माझे स्पष्ट मत असे की ते उघडायला देऊ नये. केस उघडणे म्हणजे पाण्यापासून बचाव करणारी गॅस्केट पुन्हा बसवणे, पुन्हा दाब-चाचणी करणे आणि कित्येक आठवडे घड्याळाविना राहणे. दोन सेकंदांच्या लाभासाठी एवढे करण्यापेक्षा रात्री घड्याळ ठेवण्याची स्थिती बदलून पाहावी. वहीतील चौथा रकाना येथे उपयोगी पडतो: ज्या स्थितीत घड्याळ थोडे मागे पडते ती शोधावी आणि दिवसभर पुढे गेलेले घड्याळ रात्री तसेच ठेवावे. बरीच घड्याळे अशा रीतीने आठवडाभर पाच-दहा सेकंदांच्या आत राहतात.

नव्या घड्याळाची तारीख मध्यरात्री अर्धवट बदलणे, काचेच्या आतून वाफ धरणे, क्राउन सैल लागणे, रोटरचा घरघर आवाज येणे या गोष्टींसाठी मात्र दोन आठवडे थांबू नये. विशेषतः वाफ. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काचेआड धुके दिसले, तर आतले पोलाद गंजायला वेळ लागत नाही; घड्याळ त्याच दिवशी जमा करावे. तारखेबाबत एक खबरदारी आपल्या हातात आहे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नये, कारण त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते तुटले तर हाताळणीतील चूक म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

चौथी पायरी: चुंबकत्वाची शंका आधी दूर करा

काल-परवापर्यंत शहाण्यासारखे चालणारे घड्याळ अचानक दिवसाला मिनिट-दोन मिनिटे पुढे जाऊ लागले, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. हेअरस्प्रिंगचे वेटोळे चुंबकामुळे एकमेकांना चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि चक्र भराभर हलू लागते. चुंबके आपल्या घरभर पसरलेली आहेत: मोबाइल आणि टॅबलेटच्या झाकणांत, पर्सच्या बटणात, लॅपटॉप व ब्लूटूथ स्पीकरमध्ये. रात्री घड्याळ उशाशी मोबाइलच्या चुंबकी कव्हरवर ठेवण्याची सवय पुष्कळांना असते.

तपासणी घरी होते. खरी सुई असलेले साधे होकायंत्र टेबलावर स्थिर ठेवावे आणि घड्याळ तबकडीच्या बाजूने हळूहळू त्याच्याजवळ न्यावे, नंतर गोल फिरवावे. सुई घड्याळामागे सरकू लागली, किंवा बॅलन्स व्हीलच्या बाजूला आल्यावर थरथरली, तर घड्याळ चुंबकित झाले आहे. मोबाइलमधील होकायंत्राचे ॲप यासाठी वापरू नये, कारण मोबाइलमध्येच चुंबक असते. चुंबकत्व काढणे हे काही मिनिटांचे काम आहे, त्यासाठी केस उघडावी लागत नाही आणि बऱ्याच शोरूममध्ये ते समोरच करून देतात. आयएसओ ७६४ या मानकानुसार ‘अँटीमॅग्नेटिक’ म्हटले जाणारे घड्याळ ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढेच क्षेत्र सोसण्यासाठी असते. स्पीकरला चिकटवून ठेवलेल्या घड्याळाला हे संरक्षण पुरेल असे समजू नये. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असलेल्या घड्याळात स्प्रिंगला हा त्रास होत नाही, म्हणून तेथे अचानक बदललेल्या चालीचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

पाचवी पायरी: यंत्रावरचे तीन आकडे

शोरूममध्ये ‘टाइमग्राफर’ नावाच्या यंत्रावर घड्याळ लावून पाहण्याची विनंती करावी. ते ठोक्यांचा आवाज ऐकून तीन आकडे देते. पहिला आकडा रेटचा, म्हणजे त्या क्षणाच्या गतीने दिवसात किती सेकंदांचा फरक पडेल त्याचा. दुसरा ॲम्प्लिट्यूडचा, म्हणजे चक्र किती अंश हेलकावते त्याचा. पूर्ण चावी दिलेल्या आणि तबकडी वर ठेवलेल्या आधुनिक घड्याळात तो साधारण २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान असतो. तिसरा बीट एररचा, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधील असमतोलाचा. तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास किंवा खाली असावा. रेट उत्तम असूनही पूर्ण चावीवर ॲम्प्लिट्यूड दोनशेच्या जवळ घसरलेला असेल, तर घड्याळ आतून थकलेले आहे. नवख्याने रेटपेक्षा या दुसऱ्या आकड्याकडे अधिक पाहावे आणि तपासणी एका स्थितीत आटोपू न देता निदान तबकडी वर, तबकडी खाली, क्राउन खाली, क्राउन वर आणि क्राउन डावीकडे या पाच स्थितींचे आकडे मागून घ्यावेत.

सहावी पायरी: वॉरंटी आणि कागदपत्रे

मुदती कंपनीनुसार वेगळ्या आहेत. रोलेक्सने २०१५ पासून आणि ओमेगाने २०१८ पासून पाच वर्षांची वॉरंटी दिली आहे. कार्टिए, जेजेर-लकूल्त्र यांसारख्या काही कंपन्या मूळ दोन वर्षांच्या मुदतीत ऑनलाइन नोंदणी केल्यास ती आठ वर्षांपर्यंत वाढवतात. ही नोंदणी खरेदीच्या दिवशीच उरकावी. दोन वर्षे उलटल्यावर तिचे स्मरण होऊन उपयोग नसतो.

वॉरंटी कार्डावर घड्याळाचा अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख भरलेली असावी, विक्री अधिकृत विक्रेत्याने केलेली असावी, आणि कार्डावरचा अनुक्रमांक केसवरील क्रमांकाशी जुळतो याची खात्री दुकानातच करून घ्यावी. दुबई किंवा अमेरिकेतील नातेवाइकाने आणलेल्या घड्याळाची कंपनीची आंतरराष्ट्रीय वॉरंटी सहसा भारतातही चालते, पण त्यासाठी कार्ड, मूळ पावती आणि सीमाशुल्क भरले असल्यास त्याची पावती एकत्र जपून ठेवावी. अनधिकृत मार्गाने स्वस्तात मिळणाऱ्या घड्याळासोबत बहुधा विक्रेत्याची स्वतःची हमी असते, कंपनीची नव्हे. किमतीतील सवलत पाहताना हा फरक हिशेबात धरावा.

काच, पट्टा, ओरखडे, आघात, क्राउन उघडा राहिल्याने शिरलेले पाणी आणि बाहेरच्या कारागिराने उघडलेली केस या गोष्टी सर्वसाधारणपणे वॉरंटीत बसत नाहीत. गल्लीतील अनुभवी कारागीर हाताने कितीही तरबेज असला, तरी मुदत चालू असेपर्यंत त्याला मागचे झाकण उघडू देऊ नये.

सातवी पायरी: घड्याळ सोपवताना

घरून निघण्यापूर्वी घड्याळाची सर्व बाजूंनी, चांगल्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत: काच, बेझल (काचेभोवतीचे कडे), चारही लग (पट्टा अडकवण्याची टोके), बकल आणि अनुक्रमांक. काउंटरवर बसलेली व्यक्ती भिंगातून पाहत ‘केसवर ओरखडे’ असे मोघम लिहू लागली, तर ओरखडा कोठे आणि केवढा आहे ते लिहून घेण्याचा आग्रह धरावा, आणि जॉब शीट (घड्याळ जमा करताना भरला जाणारा कामाचा कागद) संपूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. पट्टा किंवा ब्रेसलेट सोबत दिले असेल, तर तसेही नमूद असावे. केस पॉलिश करू नये अशी इच्छा असल्यास ती सूचना जॉब शीटवर लेखी असावी, कारण पॉलिशने घासलेल्या कडा परत मिळत नाहीत.

तक्रार लिहिताना ‘घड्याळ फास्ट जाते’ एवढेच लिहिले, तर कारागीर यंत्रावर सरासरी पाहतो, ती मर्यादेत भरते आणि घड्याळ जसेच्या तसे परत येते. त्याऐवजी असे लिहावे: ‘दोन आठवड्यांच्या वापरात सरासरी वाढ दिवसाला ९ सेकंद, रात्री तबकडी वर ठेवल्यास रात्रभरात ४ सेकंद पुढे, कंपनीची जाहीर मर्यादा अधिक ६, चाल दिवसाला ५ सेकंदांनी कमी करावी.’ यंत्रावरची चाल आणि मनगटावरची चाल यांत फरक असतो आणि मनगटावरची चाल फक्त आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून वहीची प्रत जॉब शीटला जोडावी. अंदाजे परतीची तारीख, काम येथेच होणार की घड्याळ दुसऱ्या शहरात किंवा परदेशात जाणार, आणि वाटेतील विम्याची जबाबदारी कोणाची, हे तिन्ही प्रश्न त्याच वेळी विचारावेत व उत्तरे ईमेलवर मागून घ्यावीत.

आठवी पायरी: परत आल्यावर

घड्याळ ताब्यात घेताना आधीची छायाचित्रे समोर ठेवून तपासावे: काचेखाली धुळीचा कण, तबकडीवर बोटाचा ठसा, काट्यांच्या कडेला ओरखडा, झाकणाच्या खाचांवर हत्यार घसरल्याची खूण. बाराच्या ठोक्याला तारीख पूर्ण उडते का आणि काटे बारावर नीट जुळतात का, हे काउंटरवरच फिरवून पाहता येते. काय काम केले, कोणते भाग बदलले आणि पाण्याची चाचणी झाली की नाही, हे लेखी मागावे. संपूर्ण सर्व्हिसिंगनंतर रोलेक्स आणि ओमेगा दोन वर्षांची सर्व्हिस वॉरंटी देतात. आपल्या कंपनीची मुदत किती, ते जॉब शीटवर पाहावे. त्यानंतर पुन्हा एक आठवडा तीच वही, तीच वेळ, तेच छायाचित्र. दुरुस्तीनंतरही आकडे उड्या मारत असतील, तर पहिल्या आठवड्यातच कळवलेले बरे. सहा महिन्यांनी कळवल्यास मधल्या काळातील आघाताचा प्रश्न उभा राहतो.

दाद मिळत नसेल तर

शोरूम आणि सर्व्हिस सेंटर एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर कंपनीच्या भारतातील कार्यालयाला जॉब शीट, नोंदवही व छायाचित्रांसह लेखी तक्रार करावी आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांचे मार्गदर्शनही घेता येते. तेथेही प्रश्न सुटला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, मग घड्याळ कोणत्याही शहरात घेतलेले असो. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचे अधिकारक्षेत्र लागू होते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो, म्हणून दुरुस्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ही तारीख वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.